चार हात सुतळी

"मास्तर, पाय पुढं करा जी," मी म्हटलो.

लटारी मास्तर जागचा हालला नाई. तो मांडवातल्या खुर्च्या पाहून राह्यला होता. मंग मीच खाली वाकलो, नाल ठोकाले बैलाचा पाय धरतात तसा त्याचा डावा बूट धरला, अन् घोट्याले सुतळीची गाठ मारली. दुसरं टोक माह्या उजव्या घोट्याले. मधात चार हात सुतळी अन् तिच्यावर लाल गालिचा. कोणाच्या बापाले दिसत नव्हतं.

उभा राह्यलो, त्याच्या तोंडासमोर तोंड नेलं अन् ओठ मोठेमोठे हालवत म्हटलो, "ढोलावर ठोका पडला का मी पाय वढन. सुतळी ताणली का समजा, ठोका."

"समजलं. तोंडावर थुकू नको."

"नाई थुकत."

"अन् घाई नको करू. तू दरवेळी घाई करतं."

बाजूले पत्रू ट्रम्पेटीत फुका मारून पाहत होता. तो म्हणे, "कवडू, बिल्ला आहे ना बे खिशात?"

बँडचे सगळे बुढे खी खी करून हासले. ह्या सवालावर आमच्या सावरटोला कॉलरीत, कोळशाच्या खाणीवर, तीस वर्षं लोकं हासत आले. मी कोटाचा खिसा ठोकून दाखवला. आहे म्हटलं, आहे.

आता तुमाले वाटन, ह्या म्हाताऱ्याईले पायात सुतळी बांधून बँड वाजवाची काय हौस आली. सांगतो.

ह्या गोष्टीले नऊ वर्षं झाले. आमची खाण त्याच्याही दहा-अकरा वर्षं आधी बंद पडली होती. क्वार्टराईत बाभळी उगवल्या, लॅम्परूममधी, म्हंजे बत्त्या वाटाच्या खोलीत, शेळ्या बसे. मंग कोण्या समितीच्या मनात आलं का इथी जिवंत संग्रहालय कराचं. उघड्यावरचं. लोकाईनं तिकीट काढून याचं, अन् कोळशातले माणसं कसे जगे ते पाहाचं. जिवंत म्हंजे काय, तं क्वार्टराईले रंग देल्ला, लॅम्परूम साफ केली, अन् खाणीत उतराचा जो उतार आहे, इनक्लाइन म्हणतो आमी, तिच्या तोंडात फायबरचे चार मजूर उभे केले. डोक्यावर टोपी, हातात सब्बल. माणसं पुतळ्याचे, अन् संग्रहालय जिवंत!

त्याची मुख्य होती दामले मॅडम, पुण्याची. बाई चांगली. उन्हात टोपी घालून फिरे अन् प्रत्येक विटेवर नंबर टाके. एक दिवस आमच्या बँडखोलीत आली, खाली फळ्याईवरच बसली, अन् कागद काढला.

"कंपनीनं सगळं जुनं सामान संग्रहालयाला दिलंय," ती म्हणाली. "त्या यादीत तुमची वाद्यंही आहेत. दहा."

"आमचे बाजे?" सोमा मडावी म्हणे. सोमाचा बाजा म्हंजे पितळेचा हंडा. वाजवताना दोघंही एकमेकाच्या गळ्यात पडून रडून राह्यले असं दिसे.

"मी समितीला सुचवलंय, बँड चांगला चालू असेल तर वाद्यं तुमच्या हातातच राहू द्या. दर रविवारी इथं वाजवायचं. उद्घाटनाला अध्यक्ष येणार आहेत. ते ऐकतील आणि ठरवतील."

"अन् नाई पटलं त्याईले तं?"

"तर काचेच्या कपाटात. अगदी नीट जपू आम्ही."

"हाव," पत्रू म्हणे. "शाळेत बाटलीत साप जपतात तसे."

मॅडम मास्तरकडं वळली. "मास्तर, तुम्हाला काय वाटतं?"

मास्तरले काई वाटाचा सवालच नव्हता. त्याले काई ऐकूच आलं नव्हतं. लटारी मास्तर ठार बहिरा. कानापाशी फटाका लावला तरी पापणी हालत नव्हती. पण समोरचा माणूस गप झाला अन् आपल्याकडं पाहून राह्यला, म्हंजे सवाल असन, एवढं त्याले समजे. अन् सगळ्या सवालाईले त्याच्यापाशी एकच जवाब होता.

"विचार करू जी."

"किती वर्षं आहात बँडमध्ये?"

"विचार करू जी."

"चहा घेणार ना?"

"विचार करू जी."

बाहेर आल्यावर बाई मले म्हणाली, "फार विचारी गृहस्थ आहेत हो."

"लयच," मी म्हटलो.

जाता जाता तिनं आणखी एक गोष्ट विचारली. "लॅम्परूममधल्या फळ्यावर अकरा बिल्ले कमी आहेत. सहा महिने शोधतेय. तुमच्यापैकी कोणाला काही माहीत आहे?"

आमी दहाही जण एका सुरात म्हटलो, "विचार करू जी."

बिल्ला म्हंजे पितळेचा गोल तुकडा, रुपयापेक्षा मोठा, त्याच्यावर मजुराचा नंबर. खाली जाताना खुंटीवरून आपला बिल्ला काढून संगं न्याचा, वर आल्यावर तिथंच परत टांगाचा. खुंटी रिकामी, म्हंजे माणूस खाली. खाण बंद झाली त्या दिवशी शेवटची पाळी वर आली, तं आमी बँड वाजवत वाजवत तिले घरापर्यंत पोचवली. बत्त्या वापस केल्या, टोप्या वापस केल्या, पण आमचे अकरा बिल्ले खिशातच राह्यले. मंग कोणी देल्लेच नाई. तवापासून आमचा रिवाजच पडला. बँडचा कार्यक्रम असला का बिल्ला खिशात पायजे.

तं मुद्दा असा का, मास्तर बहिरा आहे हे समितीले समजलं का बाजे काचेत गेलेच म्हणून समजा. बहिऱ्या मास्तरचा बँड कोण ठेवन? कंपनीले आमी एवढे वर्षं समजू देल्लं नव्हतं. लटारी मास्तर लॅम्परूमचा हाजरीबाबू होता, अन् नंबर लिहाले डोळे लागतात, कान लागत नाई. बँडचं म्हणसान तं त्याची वेगळी तऱ्हा होती. आमच्या बँडखोलीची जमीन सागाच्या फळ्याईची. मास्तर अनवाणी उभा राहे, मी बाजूले मोठा ढोल ठोके, फळ्या थरथरे, अन् मास्तर तळपायानं ऐके. बाकी गाणं त्याच्या डोक्यात पक्कं. कोणाचा सूर चुकला तं त्याचे गाल पाहून ओळखे. "पत्रू, तोंड सांडलं बे," असं म्हणे. खरंच सांडलेलं असे.

पण संग्रहालयाचा स्टेज निघाला सिमेटाचा. वरून गालिचा. अन् त्याच्यावर कडी म्हंजे मॅडमनं एक जुना फोटो काढला, आमच्या बापाच्या वेळच्या बँडचा. त्याच्यात सगळे कसे काळे बूट घालून बसले आहे. "अगदी असंच हवं," ती म्हणाली. "बुटांना पॉलिश."

मी म्हटलो, "मॅडम, त्या फोटोत पुढच्या ओळीलेच बूट आहे. मांगचे अनवाणी आहे. बूटच तेवढे होते."

"मग तुम्ही सगळे पुढच्या ओळीतले समजा," ती हासून म्हणाली. आता काय बोलता!

सिमेट, गालिचा, बूट. मास्तरचे तळवेही बहिरे झाले. मंग माह्या बायकोनं, गिरजानं, तोड सांगतली. ती म्हणे, "शेळीले दावं लावता ना? मास्तरले लावा." ती रागानं म्हणाली होती. मी मनावर घेतलं.

उद्घाटनाले मांडव गच्च भरला. अध्यक्ष साहेब सफारीत, पुढच्या कोचावर. आमी लाल कोटात. मास्तरनं छडी उचलली, मी ठोका टाकला, पाय वढला. सुतळी ताणली. छडी खाली आली, अन् बँड उठला राज्या! पह्यलं मार्च. मास्तरची छडी अन् माहा ढोल, एका जिवाचे. मी ठोकू अन् वढू, ठोकू अन् वढू. एकदा जरा जास्त वढल्या गेलं तं मास्तरनं उभ्या उभ्या मुजरा केल्यासारखी गुडघ्यातून उठबैस केली. लोकाईले वाटलं सलामी देल्ली. टाळ्या!

अध्यक्ष साहेबाचा पाय हालून राह्यला होता. मी तिरप्या डोळ्यानं पाह्यलं. साहेबाचा पाय तालात हालला म्हंजे बाजे वाचले. मॅडमही खुश. आता फक्त दुसरं गाणं, की झालं.

तेवढ्यात मॅडमनं माईक घेतला. "आता या कॉलरीचा जुना भोंगा, दहा-अकरा वर्षांनी दुरुस्त करून आपण वाजवतो आहोत. पाहुण्यांच्या मानार्थ."

भोंगा इंजिनघराच्या माथ्यावर, स्टेजच्या बराबर मांगं.

पह्यला भोंगा झाला. लांब. मांडवातल्या म्हाताऱ्या बाया पदर सावरून बसल्या. एक भोंगा म्हंजे पाळी चालू.

दुसरा झाला. दोन म्हंजे सुट्टी. सोमाच्या डोळ्यात पाणी.

मले वाटलं, संपलं. पण बाईनं तिसरा वाजवला. तिचं काय चुकलं? मानाचे तीन, तिनं हिशेब केला असन. तिले कोणी सांगतलं नव्हतं, अन् आमाले तिनं विचारलं नव्हतं. आमच्या कॉलरीत तिसऱ्या भोंग्याचा एकच अर्थ. छत बसलं. माणसं खाली आहे. पळा.

मी ढोलावर हात ठेवून उभा. डोकं म्हणे, अबे कवडू, हे नाटक आहे, खाण बंद आहे. तेवढ्यात सुतळी ताणली.

पण मी वढली नव्हती!

लटारी मास्तर पळाला होता. ज्याले फटाका ऐकू येत नव्हता तो सगळ्याईच्या आधी स्टेजवरून उडी मारून पळाला. चौऱ्याहत्तर वर्षाचा माणूस. एवढ्या जवळच्या भोंग्याले कान लागत नाई, तो छातीतच वाजते. सुतळीसंगं माहा पाय गेला, पायासंगं मी गेलो, अन् माह्या पोटावर तो मोठा ढोल. पुढं मास्तर, मांगं मी लंगडी घालत, "मास्तर! मास्तर सुतळी!" म्हणून बोंबलून राह्यलो. आता बहिऱ्याले बोंबलून काय उपयोग!

मास्तर पळाला तं पत्रू पळाला. पत्रू पळाला तं सगळा बँड. मांडवातले रिटायर लोक उठले. बाया चपला टाकून धावल्या. अध्यक्ष साहेब कोचावर एकटे.

सोमाच्या डोळ्यात मोतीबिंदू. तो सरळ इनक्लाइनच्या तोंडात घुसला अन् फायबरच्या मजुराले खांद्यावर टाकून बाहेर आला. खाली निजवलं, अन् त्याच्या तोंडात तांब्यानं पाणी ओतून राह्यला. पाणी गालावरून वाहून चाललं.

"पाणी घेत नाई रे हा!" सोमा ओरडला. त्यानं हात धरून हालवलं तं हातच निघून आला. "हात तुटला! हात तुटला, पण रक्त नाई!"

"पुतळा आहे तो, मेल्या!" त्याची बायको म्हणाली. "चष्मा लाव!"

पण मास्तर इनक्लाइनकडं गेलाच नाई. तो लॅम्परूममधी शिरला. तीस वर्षं तिथंच त्याची जागा होती. मी सुतळीच्या मांगं आत. भिंतीवर बिल्ल्याचा फळा. मॅडमनं घासून चकचकीत केलेला. ओळीनं पितळ, अन् मधात रिकाम्या खुंट्या. मास्तर फळ्यासमोर उभा राह्यला. पाठ आमच्याकडं. बोटानं खुंट्या मोजून राह्यला. अकरा.

"अकरा माणसं खाली आहे," मास्तर म्हणे. त्याचा आवाज पार वेगळा होता.

आमी दारात गर्दी करून उभे. सगळ्याईले धाप.

"एकशे चार!" मास्तर ओरडला.

तो पत्रूचा नंबर. पत्रूनं लगेच म्हटलं, "हाजर!"

"एकशे चार!"

"हाजर आहे जी!"

"एकशे चार!" मास्तरचा आवाज फाटला. त्याची पाठ आमच्याकडं. त्याले ना कान, ना आमचे ओठ दिसे. पत्रू त्याच्या पाठीमांगं रडकुंडीले येऊन ओरडून राह्यला, "हाजर, हाजर, हाजर!"

मंग मले खाली दिसलं. लॅम्परूमची जमीन. सागाच्या फळ्या. पळता पळता मास्तरचा एक बूटही सुटला होता, अन् उघडा तळवा फळीवर होता.

मी ढोल ठोकला. धम्म.

मास्तरची पाठ थांबली. खांदे खाली आले. त्यानं बोट पुढच्या खुंटीवर नेलं.

"एकशे एकोणचाळीस."

सोमा म्हणे, "हाजर." त्याच्या हातात पुतळ्याचा हात होता. मी ठोकला. धम्म.

असा एकएक नंबर. एकएक हाजर. एकएक ठोका. बाहेर दारात मॅडम उभी, तिच्यामांगं अध्यक्ष साहेब, साहेबामांगं पब्लिक.

शेवटले मास्तरचं बोट एका खुंटीवर आलं, अन् तिथी बराच वेळ राह्यलं.

"दोनशे सतरा."

तो माहा नंबर.

आता ते सांगतो, जे पत्रू हासत हासत विचारे अन् मी हासत हासत खिसा ठोको. तीस वर्षांआधी एक दिवस माह्या साळ्याचं लग्न होतं. माही पाळी संपाची होती, पण वरात निघून राह्यली होती, अन् मी जवान. मी खाणीच्या दुसऱ्या तोंडानं, नाल्याकडून, गुपचूप निघालो. बिल्ला खिशात. टांगाचं ध्यानातच नाई. तिकडं तासाभरानं छत बसलं. तीन भोंगे. सगळे वर आले. फळ्यावर एकच खुंटी रिकामी. दोनशे सतरा.

हाजरीबाबूनं खाली जाचं काम नव्हतं. त्याचं काम खिडकीत बसाचं. पण लटारी मास्तर म्हणाला म्हणे, बत्ती म्या त्याच्या हातात देल्ली, आणाले मीच जातो. तो खाली माह्या नावानं हाका मारत फिरून राह्यला, अन् मी तीन कोसावर पंगतीत बसून बुंदी खाऊन राह्यलो. मंग दुसऱ्यांदा छत बसलं. हवा अशी आली का मास्तर फेकल्या गेला. मेलं कोणी नाई. गेले ते मास्तरचे कान.

दुसऱ्या दिवशी मी खिडकीपाशी गेलो. बिल्ला हातात धरून. मास्तरनं माह्या हातून घेतला अन् खुंटीवर टांगला. आठ दिवसानं बँडखोलीत बोलवून म्हणे, "ढोल तू घे." मले ढोल येत नव्हता. तो म्हणे, "जोरानं मार. बाकी शिकशीन."

"दोनशे सतरा!" मास्तर पुन्हा ओरडला.

माहा हात उचलतच नव्हता.

"मार बे," पत्रू म्हणे, हळू. "मार ना गा."

मी मारला. एवढ्या जोरानं मारला का वरून जुना कोळसा झडला.

मास्तर वळला. पह्यले ढोलाकडं पाह्यलं, मंग माह्या तोंडाकडं. त्याच्या पायातली सुतळी अजून माह्या पायातच होती.

"आहे का बे या बखती?" तो म्हणे. "का बुंदी खायाले गेला?"

अन् सगळी लॅम्परूम अशी हासली, अशी हासली का मले रडू आलं ते कोणाले दिसलंच नाई.

अध्यक्ष साहेबानं टाळ्या पिटणं चालू केलं. "वा! याला म्हणतात जिवंत संग्रहालय! दामले, रोज किती वाजता असतो हा प्रयोग?"

मॅडम आत आली, खाली वाकली, अन् ती सुतळी हातात घेतली. माह्या घोट्यापासून मास्तरच्या घोट्यापर्यंत तिनं नजर नेली. मंग उठून हळूच विचारलं, "मास्तरांना ऐकू येत नाही?"

पत्रूनं खाकरून घेतलं.

"विचार करू जी," तो म्हणे.

मास्तरले काय समजलं ते तोच जाणे. त्यानं खिशातून आपला बिल्ला काढला, बावीस नंबर, अन् खुंटीवर टांगला. मंग पत्रूनं आपला टांगला. सोमानं पुतळ्याचा हात मॅडमच्या हातात देल्ला अन् आपला टांगला. मी शेवटी. त्या लग्नाच्या दिवशी टांगाचा राह्यलेला दोनशे सतरा आपल्या हातानं टांगाले मले तीस वर्षं लागले. फळा पुरा भरला. सहा महिन्यांपासून बाई शोधून राह्यली होती, ते अकराही.

मास्तरनं फळ्याकडं बोट केलं. "बिल्ले तुमचे." मंग ढोलावर थाप मारली. "बाजे आमचे."

मॅडमनं डोळे पुसले, टोपी सारखी केली, अन् मास्तरच्या तोंडासमोर जाऊन, ओठ मोठेमोठे हालवत म्हणाली, "विचार करू जी."

पुढच्या बुधवारी सुतार आले. स्टेजवरचा गालिचा काढला, अन् सिमेटावर सागाच्या फळ्या ठोकल्या. बुटाचा विषय पुन्हा कोणी काढला नाई. मास्तर त्या फळ्याईवर अनवाणी उभा राहून सात वर्षं रविवारी बँड उभा करत होता. आता पत्रू करते, मास्तर गेल्यापासून.

काचेत आमची एकच वस्तू गेली. तुमी आले तं पाहा, लॅम्परूमच्या दारापाशी डाव्या हाताले. चार हात सुतळी, दोन्ही टोकाले फासा. खाली पाटी लावली आहे: कामगारांची सुरक्षा-दोरी.

पत्रू म्हणे, चुकीचं लिवलं, मॅडमले सांग.

मी नाई सांगतलं.